पेटीला न जमणारी मींड : ब्लूजमधला माऊथऑर्गन

रानवारा
रविवार, रात्री 11:20

घरात तीन पिढ्यांची पेटी आहे. आजोबा भजनाला वाजवायचे, वडील नाट्यगीतांना, आणि मी गेली वीस वर्षं साताऱ्यात भजनी मंडळाला साथ करतो. रीड, म्हणजे हवेने कंप पावणाऱ्या पितळी पट्ट्या, काढून घासणं, सूर जुळवणं, भात्याची गळती शोधणं हे सगळं घरातच शिकलो. पेटीवाल्याला एक वाक्य लहानपणापासून ऐकावं लागतं: पेटीत मींड नाही. गायक गंधारावरून षड्जावर घसरत उतरतो आणि आपण दोन पट्ट्यांमधल्या फटीकडे बघत राहतो. आकाशवाणीने 1940 साली पेटीला दाराबाहेर काढलं ते पुढची तीस वर्षं. त्या निर्णयामागे हीसुद्धा तक्रार होती. वडिलांचं म्हणणं, "पितळेची जीभ आहे, तिला एकच शब्द येतो."

दोन वर्षांपूर्वी 'ज्यूक' ऐकलं, ब्लूज म्हणजे आफ्रिकन अमेरिकन लोकांच्या संगीतातला माऊथऑर्गनवाला लिटल वॉल्टर, त्याचं. तीन मिनिटांच्या आतली तबकडी. गाणारा नाही, शब्द नाहीत, पुढे फक्त माऊथऑर्गन. पहिल्यांदा ऐकताना मला तो सॅक्सोफोन वाटला. दुसऱ्यांदा ऐकताना आतला रीड ऐकू आला. पितळेचा, रोजच्या ओळखीचा आवाज. आणि तो सूर वाकत होता. एका सुरातून दुसऱ्यात उतरत होता, वाटेत थांबत होता, परत वर चढत होता. मी उठून पेटीचं झाकण उघडलं आणि कितीतरी वेळ रीडकडे बघत बसलो.

तेव्हापासून हे वाद्य शिकतो आहे. जे समजलं ते लिहितो, पेटीच्या भाषेत लिहितो, कारण मला तीच येते.

जर्मनीतल्या ट्रॉसिंगेन गावी मथियास होनरने 1857 पासून माऊथऑर्गन बनवायला घेतले. पुढे ब्लूजवाल्यांच्या हाती जे पडलं ते या कंपनीचं 'मरीन बँड' हे मॉडेल 1896 सालचं. दहा भोकं, प्रत्येक भोकात दोन रीड. एक फुंकल्यावर वाजतो, दुसरा श्वास ओढल्यावर. एकूण वीस रीड आणि खिशात मावणारी पेटी. मांडणी केली होती लोकगीतं आणि नाचाच्या चालींसाठी. कुठूनही फुंका, सा-ग-प याच सुरांपैकी काहीतरी वाजणार, त्यामुळे नवख्याचंही बेसूर होत नाही. त्या सोयीसाठी खालच्या सप्तकातून मध्यम आणि धैवत चक्क गाळले आहेत.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आफ्रिकन अमेरिकन वादकांनी ही मांडणी उलटी करून घेतली. फुंकण्याला मुख्य न मानता ओढण्याला मुख्य मानलं. समजा हार्मोनिका, म्हणजे माऊथऑर्गनच, पांढरी एकची आहे. ते ती पांढरी पाचात वाजवतात. म्हणजे दुसऱ्या भोकातून श्वास ओढला की सा. तिसऱ्यातून ओढला की शुद्ध ग, चौथ्यातून प, पाचव्यातून कोमल नी. चौथं फुंकलं की म. याला ते 'क्रॉस हार्प' म्हणतात.

आता बघा. ओढलेला सूर वाकवता येतो. तिसऱ्या भोकाचा शुद्ध ग थोडा वाकवला की कोमल ग, अजून वाकवला की रे, अगदी तळाशी नेला की कोमल रे. एका भोकात चार सूर आणि त्यांच्या मधल्या सगळ्या जागा. चौथ्याचा प वाकवला की तीव्र म. दुसऱ्याचा सा वाकवत नेला की खालचा शुद्ध नी, मग कोमल नी. कारखान्याने जे सूर गाळले होते, ते या लोकांनी श्वासाने भरून काढले. वाकताना सूर रडतो, कुरकुरतो, विनवतो. ते सूर रीडवर कोरलेले नाहीत. दर वेळी वाजवणाऱ्याने तोंडात नव्याने घडवायचे.

इथे कोणी ब्लूज ऐकतं का? वाजवतं का? आपापले अनुभव लिहा.

वाचनमात्र
रविवार, रात्री 11:52

पेटीच्या बाजूने हे कधीच कोणी समजावलं नव्हतं. 'ज्यूक' लावलं आहे. लिहीत राहा.

मृण्मयी_के
सोमवार, सकाळी 8:05

माझ्या मुलाला (इयत्ता सातवी) वाढदिवसाला माऊथऑर्गन दिला. चोवीस भोकांचा आहे, दोन ओळी, वर-खाली. तो तीन आठवडे सूर वाकवायचा प्रयत्न करतोय, व्हिडिओ बघून. काही होत नाही म्हणून परवा रडवेला झाला. त्याचं चुकतंय का?

रानवारा
सोमवार, सकाळी 8:40

मृण्मयीताई, मुलाचं काहीही चुकत नाही, हे त्याला आजच सांगा. तुमच्याकडचं वाद्य 'ट्रेमोलो' जातीचं आहे. त्यात एकाच सुराचे दोन रीड किंचित फरकाने लावलेले असतात, त्यामुळे आवाज थरथरतो. 'सा रे ग म' वाजवायला, गाण्याची चाल काढायला ते गोड वाद्य आहे. पण त्यात प्रत्येक रीडला स्वतंत्र खोली, म्हणजे हवेचा कप्पा, असते. वाकण्यासाठी फुंकेचा आणि ओढीचा रीड एकाच खोलीत हवेत. दुकानात बहुतेक वेळा हाच प्रकार आधी हातात ठेवतात. मलाही तेच मिळालं होतं, आणि मीही महिनाभर छाती दुखेस्तोवर ओढत होतो.

दुकानात 'दहा भोकांची डायटॉनिक, पांढरी एक म्हणजे सी स्वराची' एवढंच सांगा. ट्रेमोलो फेकू नका, त्यावर त्याचे सूर पक्के होतील.

चुंबकसूची
सोमवार, दुपारी 1:15

'एकाच खोलीत दोन रीड' याबद्दल थोडं लिहितो. धाग्याचं मर्म त्यातच आहे असं मला वाटतं. माझा विषय ध्वनी आणि कंपनं, कॉलेजात शिकवतो.

रीड एका खाचेवर बसवलेली पट्टी असते, एका टोकाला रिव्हेट, दुसरं टोक मोकळं. साध्या ओढीत ओढीचा रीड खाचेत शिरतो आणि बाहेर येतो, हवेचा झोत कापतो, सूर निघतो. त्याच खोलीतला फुंकेचा रीड उलट्या बाजूने बसवलेला असल्यामुळे जवळजवळ गप्प असतो.

आता वादक जीभ मागे नेतो, घसा मोकळा करतो, तोंडातली पोकळी मोठी होते. पोकळी मोठी झाली की तिचा स्वतःचा नाद खाली उतरतो आणि ती रीडला खाली ओढू लागते. ओढीचा रीड एका मर्यादेपर्यंत ऐकतो. पुढे गंमत होते. जो रीड आतापर्यंत गप्प होता, तो उलट्या दिशेने, खाचेपासून दूर उघडत कंप पावायला लागतो. पूर्ण वाकलेल्या सुरात बराचसा आवाज त्या दुसऱ्या रीडचा असतो. म्हणजे आपण ओढतो आहोत आणि वाजतो आहे फुंकेचा रीड.

म्हणून किती वाकणार हेही ठरलेलं आहे. वरचा सूर जवळपास खालच्या रीडच्या एक अर्धस्वर वरपर्यंत उतरतो, त्याच्या खाली नाही. तिसऱ्या भोकात दोन रीडमध्ये चार अर्धस्वरांचं अंतर आहे, म्हणून वाकवलेले तीन सूर मिळतात. चौथ्यात दोनच अर्धस्वर, म्हणून एक. पाचव्यात एकच अर्धस्वर, तिथे नुसतं किंचित झुकतं. सातव्या भोकापासून वर फुंकेचा सूर चढा आहे, म्हणून आठ, नऊ, दहा या भोकांत ओढून नव्हे, फुंकून वाकवायचं. जिमी रीड नावाचा ब्लूजवाला ते वरचे फुंकेचे बेंड, म्हणजे वाकवलेले सूर, वाजवायचा, गळ्यात तारेच्या स्टँडवर हार्मोनिका आणि हातात गिटार घेऊन.

पेटीत हे का होत नाही? प्रत्येक रीडची खोली वेगळी, आणि हवा भात्यातून येते. भात्याला तोंड नसतं.

रानवारा
सोमवार, दुपारी 1:50

"भात्याला तोंड नसतं." सर, हे वाक्य मी वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

जुनी_तबकडी
सोमवार, संध्याकाळी 7:30

आपल्याकडे माऊथऑर्गन म्हटलं की हिंदी सिनेमा आठवतो. 'सोलवा साल'मधलं 'है अपना दिल तो आवारा', 1958. संगीत सचिनदांचं, हार्मोनिका वाजवली तरुण राहुल देव बर्मन यांनी. 1964 च्या 'दोस्ती'तही लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी पंचमच वाजवतात. आणि 'शोले'त जय संध्याकाळी ओट्यावर बसून वाजवतो ती धून भानू गुप्तांची. माझ्या पिढीने या वाद्यावर प्रेम केलं ते या तीन कारणांनी. मग ब्लूजमध्ये नवीन काय आहे? सूर तर तिथेही काळजाला भिडतोच.

रानवारा
सोमवार, रात्री 9:10

भिडतोच, यात शंका नाही. 'शोले'तली ती धून ऐकताना माझ्याही अंगावर आजही काटा येतो. फरक कामाचा आहे. आपल्या सिनेमात हार्मोनिका चाल वाजवते: सुरेल, सरळ, गाण्याची ओळ जशीच्या तशी. ब्लूजमध्ये ती गाणाऱ्याशी बोलते.

ब्लूजचं कडवं साधारणपणे बारा बारचं असतं, एका बारमध्ये चार ठोके. ओळी तीन. पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिसरी, तिला उत्तर देणारी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गाणारा आपलं म्हणणं दोनेक बारांतच संपवतो. उरलेले दोन बार मोकळे. त्या मोकळ्या जागेत हार्मोनिका बोलते. गाणारा म्हणतो, ती सोडून गेली. हार्मोनिका हुंकार देते, किंवा म्हणते "असं होणारच होतं", किंवा नुसती रडते. शिकागोचा ब्लूज गायक मडी वॉटर्स, त्याच्या सुरुवातीच्या तबकड्या लिटल वॉल्टरसाठी ऐका. मडीचा आवाज जाड, भारदस्त. वॉल्टर त्याच्या शब्दावर कधीच पाय देत नाही. ओळ संपते, अर्धा श्वास जातो, मग तो येतो.

आम्ही साथीला बसणारे हेच करायचा प्रयत्न करतो. गायकाने जागा सोडली की भरायची, आणि भरताना त्याच्या पुढच्या जागेवर अतिक्रमण करायचं नाही. वीस वर्षं करतो आहे, पण वॉल्टरकडून साथ नव्याने शिकलो.

आणि या वाद्याची एक सोय त्या बारा बारांत चपखल बसते. ओढलेल्या सुरांतून सा-ग-प-कोमल नी असा मूळ कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, मिळतो, आणि फुंकलं की मध्यमाचा कॉर्ड. गाणं मध्यमावर गेलं की श्वास उलटा करायचा. गाण्याचं चलन आणि छातीचं चलन एकाच वेळी बदलतं.

तिसरी_घंटा
सोमवार, रात्री 10:35

मी पंधरा-सोळा वर्षं ब्लूज ऐकतोय, बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत 2011 ला ब्लूजचा महोत्सव सुरू झाला तेव्हापासून जमेल तसा जातो. माझं मत वेगळं आहे. ब्लूज गिटारचं संगीत आहे. बडी गाय या गिटारवाल्याला समोर उभं ऐकलं की बाकी काही आठवत नाही. हार्मोनिका चवीपुरती असते, आणि फार वेळ चालली की कान दुखतो. शिवाय तिचं सगळं लक्ष रडण्यावर. सतत दुःख.

रानवारा
सोमवार, रात्री 11:30

तुम्ही बडी गायला समोर ऐकलंय, मी ऐकलेलं नाही. म्हणून त्याच्या गिटारबद्दल वाद घालत नाही. पण त्याचा कितीतरी वर्षांचा जोडीदार ज्युनिअर वेल्स हा हार्मोनिकावालाच. 1965 चा 'हूडू मॅन ब्लूज' हा वेल्सचा अल्बम ऐका, त्यात गिटार बडी गायचीच आहे. तिथे कोण चवीपुरतं आहे हे तुम्हीच ठरवा.

पुढे बसून वाजवण्याचं म्हणाल तर ती वाट जॉन ली विल्यमसनने घालून दिली. टेनेसीतल्या जॅक्सनचा हा मुलगा, नाव लावायचा सनी बॉय. 1937 साली 'गुड मॉर्निंग, स्कूल गर्ल' ध्वनिमुद्रित केलं तेव्हा तो तेवीस वर्षांचा. तोपर्यंत हार्मोनिका बहुतेक जग बँडमध्ये, म्हणजे मातीच्या मोठ्या जगमध्ये फुंकून खर्ज देणाऱ्या मंडळींबरोबर, सोबतीला असायची. त्याने गाणं आणि हार्मोनिका एकाच माणसाच्या दोन आवाजांसारखे विणले: ओळ म्हणायची, शेवटचा शब्द संपता संपता वाद्य ओठाला. 1948 साली शिकागोत घरी परतताना त्याच्यावर हल्ला झाला आणि तो गेला. वय चौतीस.

दुसरा सनी बॉय, ॲलेक मिलर, त्याने हेच नाव उचललं. वयाने तो पहिल्यापेक्षा मोठा असावा असंच बहुतेक मानतात. आर्कान्सामधल्या हेलिना गावात नोव्हेंबर 1941 पासून 'किंग बिस्किट टाइम' हा रेडिओ कार्यक्रम सुरू झाला, पिठाच्या जाहिरातीचा, रोज दुपारचा. शेतावरची माणसं जेवायच्या सुट्टीत ऐकायची. त्यात तो वाजवायचा. त्याचं वाजवणं वॉल्टरच्या अगदी उलट. कमी सूर, भरपूर शांतता, आणि हातांचा पंजा उघडत-मिटत काढलेला आवाज, जणू कोणी दारामागून कुजबुजतंय. 'हेल्प मी' ऐका. त्यात रडणं नाही, सरळ मागणं आहे.

आणि 'ज्यूक'मध्ये दुःख कुठे आहे? ती नाचाची चाल आहे. ब्लूजमध्ये टवाळी आहे, प्रेमाची मागणी आहे, मालकावरचा राग आहे, शनिवारची रात्र आहे. रडणं त्यातला एक कोपरा.

तिसरी_घंटा
मंगळवार, सकाळी 7:20

'हेल्प मी' ऐकलं. तीनदा. कान दुखतो हे मागे घेतो. गिटारबद्दलचं मत अजून तसंच आहे.

लेकशोर
मंगळवार, सकाळी 9:45

मी शिकागोत राहते, सव्वीस वर्षं झाली. मूळची कोल्हापूरची. इथे आले तेव्हा ब्लूज म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि शहर त्याने भरलेलं होतं.

'ज्यूक'मधला आवाज सॅक्सोफोनसारखा का वाटतो, याचं उत्तर मला या शहराच्या रस्त्यात सापडतं. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून लाखो माणसं उत्तरेला आली. इलिनॉय सेंट्रलची रेल्वे त्यांना थेट शिकागोत आणून सोडायची. मडी वॉटर्स 1943 साली असाच आला. गावी ओसरीवर वाजवताना हार्मोनिकाचा आवाज पुरायचा. इथे मॅक्सवेल स्ट्रीटचा रविवारचा बाजार: जुने कपडे, भाजी, भांडी, ओरडणारे विक्रेते, आणि त्यांच्यात गाणारे. वॉल्टर सोळा-सतराचा असेल, लुइझियानातून फिरत फिरत या बाजारात पोचला. तिथे ऐकू येण्यासाठी वीज लागायची. वादक शेजारच्या दुकानातून तार ओढून घ्यायचे.

मग त्याने केलं ते असं. लाउडस्पीकरवरच्या घोषणांसाठी आणि बिनतारी संदेशांसाठी बनवलेला गोळीच्या आकाराचा स्वस्त माईक त्याने हार्मोनिकाबरोबर दोन्ही तळव्यांत गच्च धरला, बाहेर हवा सुटणार नाही असा. आणि तो गिटारच्या ॲम्प्लिफायरला जोडला. तळव्यांतल्या बंद खोलीमुळे तीक्ष्ण, वरचे नाद कापले जातात, आणि माईक व ॲम्प दोघेही ताणले जाऊन आवाज फाटायला लागतो. तो फाटलेला, जाड आवाज त्याने टाळला नाही, त्यालाच वाद्य केलं. लुई जॉर्डनच्या सॅक्सोफोनच्या ओळी तो हार्मोनिकावर उचलायचा, हे त्याच्या वाजवण्यात स्पष्ट दिसतं.

12 मे 1952 ला 'ज्यूक' मुद्रित झालं. अश्वेत श्रोत्यांच्या, म्हणजे रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. वॉल्टर बावीस वर्षांचा. लगेच त्याने मडीचा बँड सोडला आणि त्याच्या जागी ज्युनिअर वेल्स आला.

तो 1968 साली गेला, एका भांडणात मार लागून, सदतीसाव्या वर्षी. एव्हरग्रीन पार्कच्या दफनभूमीत पुरलं. 1991 पर्यंत त्या जागेवर नावाचा दगडही नव्हता. मी एकदा नोव्हेंबरात गेले होते. गवतात बसवलेला लहान दगड. कोणीतरी त्यावर एक गंजलेली हार्मोनिका ठेवली होती, मी ती तिथेच राहू दिली.

मॅक्सवेल स्ट्रीटचा जुना बाजार 1994 मध्ये विद्यापीठाच्या विस्तारासाठी हलवला. तिथून जाताना मी अजूनही गाडीच्या काचा खाली करते.

वाचनमात्र
मंगळवार, सकाळी 10:10

लेकशोर, तो शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

गंधारप्रिय
मंगळवार, दुपारी 3:30

मी गाते, किराणा घराण्याची तालीम आहे. धागा आवडला, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. रानवारा, तुम्ही "थोडा वाकवला की कोमल ग" असं लिहिलंत. समजावण्यापुरतं ठीक. पण मी काल रात्रभर ही मंडळी ऐकली, तानपुरा लावून ऐकली, आणि त्यांचा तो गंधार कोमल नाही. शुद्धही नाही. तो मधे कुठेतरी आहे, आणि स्थिरही नाही. चढता चढता थांबतो.

आपल्याला लगेच राग आठवतात. सा, कोमल ग, म, प, कोमल नी, वर शुद्ध ग पण, म्हणजे जोग! पण जोगमध्ये दोन्ही गंधारांची वाट ठरलेली आहे, शुद्ध जाताना, कोमल येताना. इथे एकाच सुराच्या पोटात दोन्ही आहेत आणि त्यांचं भांडण मिटत नाही. खाली गिटार शुद्ध गंधाराचा कॉर्ड धरून बसलेली असते आणि वर हार्मोनिका त्याच्या खाली लोंबते. ते घासणंच त्यांना हवं असतं. दरबारीतला आंदोलित गंधार जवळचा वाटला, पण दरबारीचा गंधार गंभीर, आतल्या आत डोलतो. हा बोचतो.

म्हणून विनंती, आपल्या स्वरनामांत बसवताना त्याचं वेगळेपण पुसू नका.

रानवारा
मंगळवार, रात्री 9:55

ताई, तुम्ही बरोबर आहात, आणि मी पेटीवाला असल्यामुळे मला सूर नेमक्या पट्टीवर ठेवायची सवय आहे. तिसऱ्या भोकावर मला नेमका कोमल ग काढता यायला चार महिने लागले आणि तो काढला तेव्हा मी खूश होतो. मग तो ब्लूजवर वाजवला आणि मेला. ट्यूनरच्या काट्यावर अचूक, आणि मेलेला. आता काट्याकडे बघत नाही. शुद्धाच्या जरा खाली धरतो, श्वास किंचित सैल सोडतो, आणि जिथे बोचतो तिथे थांबतो.

तुमच्या "भांडण मिटत नाही" यावर भर घालतो. हे भांडण हार्मोनिकावर शारीरिक आहे. वर चुंबकसूचींनी लिहिलंय, त्या क्षणी दोन रीड खरोखरच एकमेकांशी ओढाताण करत असतात.

जुनी_तबकडी
मंगळवार, रात्री 10:40

एक नाव इथे यायला हवं. डीफर्ड बेली. टेनेसीचा, 1899 चा जन्म, लहानपणी पोलिओ. नॅशव्हिलच्या रेडिओवर तो आगगाडी वाजवायचा. 'पॅन अमेरिकन ब्लूज', 1927. तीन मिनिटांत गाडी लांबून येते, पुलावरून जाते, शिट्टी मारते, निघून जाते, आणि हे सगळं एका खिशातल्या वाद्यावर. रेल्वेच्या शिट्टीचा तो लांबत खाली येणारा आवाज म्हणजे वाकवलेला कॉर्ड, हे मला आज तुमच्यामुळे कळलं. 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रसिद्ध कार्यक्रमाला ते नाव मिळालं त्या रात्री आधी वाजलं होतं ते त्याचंच वादन. 1941 साली त्या कार्यक्रमाने त्याला काढून टाकलं. पुढे कितीतरी वर्षं तो बूट पॉलिशच्या दुकानावर जगला. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत त्याचं नाव लागलं 2005 मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

काल मी विचारलं होतं, ब्लूजमध्ये नवीन काय. आज रात्री बेली ऐकला. नवीन आहे.

लेकशोर
बुधवार, पहाटे 5:15

आणि सनी टेरी! दृष्टी गेलेला, जॉर्जियाचा. वाजवता वाजवता मधेच तोंडाने आरोळी मारायचा, आणि आरोळी कुठे संपली, रीड कुठे सुरू झाला ते कळत नाही. 1938 मध्ये कार्नेगी हॉलमध्ये वाजवलं त्याने. त्याच्याकडे माईक-ॲम्प काही नाही, फक्त छाती आणि हात. वॉल्टरनंतर याला ऐकलं की वाटतं, विजेने एक दार उघडलं आणि एक लावलंही.

मृण्मयी_के
रविवार, सकाळी 11:00 (दोन आठवड्यांनंतर)

दहा भोकांची आणली. पहिले आठ दिवस काहीच नाही. काल संध्याकाळी चौथ्या भोकावर, "आई, ऐक!" म्हणून ओरडला. सूर खाली गेला आणि परत आला. स्वयंपाकघरात येऊन त्याने तो तीसेक वेळा केला. आता तिसऱ्यावर जाऊ का विचारतोय.

रानवारा
रविवार, रात्री 10:25

त्याला माझे दोन हात भरून आशीर्वाद. चौथं भोक अजून पंधरा दिवस चालू दे. जोर लावू नये हे त्याला रोज सांगा. सूर वाकतो तो जिभेच्या जागेने, ताकदीने ओढलं तर रीड थकतो आणि तुटतो. माझा पाचव्याचा ओढीचा रीड तसाच गेला. तिसरं नंतर. तिथे कुठे थांबायचं हे कानाने ठरवावं लागतं, आणि त्याला रोज दहा मिनिटं 'हेल्प मी' ऐकवा.

चुंबकसूची सर, तुमच्यासाठी एक बातमी आहे. आज दुपारी हार्मोनिकाचं वरचं झाकण स्क्रू काढून उतरवलं. फुंकेच्या रीडची पाटी उघडी झाली. वडिलांना शेजारी बसवलं, त्यांचं वय ब्याऐंशी, पण रीडवरचा हात अजून पक्का. त्यांना सांगितलं, चौथ्या खाचेवर बोट ठेवा, दाबून. मी ओढलं. पंचम वाजला, स्वच्छ. वाकवायला गेलो, काही होईना, सूर घुसमटला आणि बंद पडला. मग त्यांना म्हटलं, बोट उचला, नुसतं टोक लावून ठेवा. पुन्हा ओढलं, वाकवलं. तीव्र मध्यम आला, आणि त्यांनी बोट झटकन मागे घेतलं.

"हा फुंकेचा आहे ना?"

म्हटलं, हो.

"मग तू ओढतोयस आणि हा का हलतोय?"

सरांनी लिहिलेलं सगळं सांगितलं, जमेल तसं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, पाटी उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग खाचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "परत ओढ."